कुलूप तपासा, पण मालकाला विचारून



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून एकच विषय निघतो : पुढे काय? पूर्वी या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असत. डी.एड., आयटीआय, पोलीस भरती, रेल्वे, नाहीतर मिळेल त्या दुकानात कामाला जाणे. अलीकडे मुले एक नवेच नाव घरी घेऊन येतात. 'मला एथिकल हॅकर व्हायचंय,' असे मुलगा सांगतो आणि आई-बाप एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. हॅकर म्हणजे बँकेचे पैसे पळवणारा, एवढेच त्यांनी वर्तमानपत्रात वाचलेले असते. बापाला वाटते, पोरगं वाया चाललं. पोराला वाटते, बापाला यातलं काही कळत नाही. आणि या दोघांच्या मधल्या जागेत एखादी खाजगी संस्था फीचे पावतीपुस्तक घेऊन उभी असते.

हा धंदा खरा आहे की खोटा, इमानी आहे की लबाडीचा, आणि कष्टकऱ्याच्या मुलाला तो शिकता येईल की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे आज पाहू.

हे काम म्हणजे संगणकाचे ऑडिट

या कामाचे इंग्रजी नाव पेनिट्रेशन टेस्टिंग. नाव भारी आहे, पण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील माणसाला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील माणसाला, ते समजायला अवघड जाऊ नये. आपला जिल्हा सहकाराचा. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० साली याच मातीत सुरू झाला. गावोगाव विकास सोसायटी आहे, दूध संस्था आहे, पतसंस्था आहे. त्यामुळे ऑडिट हा शब्द आपल्याकडे शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही ठाऊक असतो.

ऑडिटर संस्थेत येतो तो नेमणुकीचे पत्र घेऊन. कोणत्या वर्षाचे दप्तर तपासायचे हे आधीच ठरलेले असते. तो रोजकीर्द पाहतो, व्हाउचर ताडून पाहतो, तिजोरीतली रोकड मोजायला लावतो. पण रोकड मोजली म्हणून त्यातली एक नोट तो खिशात घालत नाही. शेवटी तो अहवाल लिहितो : अमुक ठिकाणी दोष आहे, तो असा दुरुस्त करावा. मग संस्थेला दोष दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो.

पेनिट्रेशन टेस्टिंग करणारा नेमके हेच करतो. फरक एवढाच की, तो वह्या तपासत नाही, तर संगणकाची कुलपे तपासतो. बँक, दवाखाना, कारखाना किंवा सरकारी खाते त्याला लेखी सांगते : आमची ही ही यंत्रणा आहे, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत तुम्ही चोराच्या नजरेने तिच्यात शिरण्याचा प्रयत्न करा. तो आधी टेहळणी करतो, कोणती दारे उघडी आहेत ते पाहतो, मग एखाद्या फटीतून आत जाता येते का ते अजमावतो. आत गेलाच तर पुरावा म्हणून लागेल तेवढेच टिपून बाहेर येतो आणि अहवाल लिहितो. संस्थेने दुरुस्ती केल्यावर फट खरोखर बुजली का, हेही तोच पुन्हा तपासतो.

म्हणजे हे चोराचे काम नव्हे. चोर ज्या वाटेने येईल ती वाट त्याच्या आधी चालून पाहणाऱ्याचे हे काम आहे.

गरज कोणाला आहे?

ही श्रीमंतांच्या कंपन्यांची चैन आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण आठवावे. ही बँक १९०६ साली स्थापन झालेली. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, काही तासांत तिच्या एटीएमच्या यंत्रणेतून प्रचंड पैसा बाहेर गेला. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत आधीच घातक प्रोग्राम घुसवून ठेवला होता. एटीएममध्ये बनावट कार्ड घातले की, 'या खात्यात पैसे आहेत का?' हा प्रश्न खऱ्या यंत्रणेपर्यंत जाण्याऐवजी चोरांनी बसवलेल्या खोट्या यंत्रणेकडे जाई आणि ती 'आहेत, द्या' असे उत्तर देई. २८ देशांत मिळून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतात सुमारे अडीच कोटी रुपये असे काढले गेले. दोन दिवसांनी, १३ ऑगस्टला, आणखी सुमारे १४ कोटी रुपये परदेशी व्यवहाराच्या मार्गाने हाँगकाँगच्या एका बँकेत वळते झाले. एकूण आकडा ९४ कोटींवर गेला. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, हा पैसा बँकेचा गेला, असे बँकेने तेव्हा सांगितले. पण सहकारी बँकेचा पैसा म्हणजे शेवटी सभासदांचाच पैसा.

या प्रकरणातली दुसरी बाजूही आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावी. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या खटल्यात ११ जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. त्यांना पकडले होते ते बनावट कार्डे घेऊन एटीएमवर जाऊन पैसे काढण्याच्या कामात. ज्यांनी दूर बसून सगळा कट रचला त्यांच्या हाताला बेडी लागणे अवघड. हमालीवर बोलावलेली पोरे मात्र कॅमेऱ्यात दिसतात आणि आत जातात.

या घटनेनंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी संगणक सुरक्षेचे मूलभूत नियम काढले. ३१ डिसेंबर २०१९ रोजी ते वाढवून बँकांच्या कारभारानुसार चार पातळ्या ठरवल्या. केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था २००४ पासून संगणकावरील हल्ल्यांच्या बाबतीत देशभर काम करते. अशा तपासण्या करणाऱ्या कंपन्यांची मान्यताप्राप्त यादी तीच ठेवते. म्हणजे तपासणी आता हौसेची राहिलेली नाही. बँकांना ती करून घ्यावीच लागते, आणि ती करायला माणसे लागतात. ती माणसे आपल्या घरांतूनही जाऊ शकतात.

सोलापूरच्या मुलाची गोष्ट

जाऊ शकतात याला उदाहरण हवे असेल तर ते आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. सोलापूरच्या मयूर फरताडे या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने २०२१ साली इन्स्टाग्राममधली एक मोठी उणीव शोधून काढली. तेव्हा त्याचे वय अवघे एकवीस होते.

ही उणीव काय होती ते सोप्या शब्दांत सांगतो. इन्स्टाग्रामवर माणूस आपले खाते खाजगी ठेवू शकतो, म्हणजे त्याने मान्य केलेल्या माणसांनाच त्याचे फोटो दिसतात. प्रत्येक फोटोला आतून एक क्रमांक असतो. मयूरच्या लक्षात आले की, तो क्रमांक विशिष्ट पद्धतीने कंपनीच्या संगणकाकडे पाठवला, तर समोरचा माणूस त्या खात्याला मान्य आहे की नाही हे न विचारताच संगणक माहिती देऊन टाकतो. कचेरीतल्या अभिलेख कक्षात असे समजा की, कोणीही यावे, फाईलचा नंबर सांगावा आणि कारकुनाने 'तुम्ही कोण?' हेही न विचारता फाईल हातात द्यावी. तसलाच हा प्रकार.

आता पाहा, त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर? लोकांचे खाजगी फोटो पाहत बसला असता, कोणाला धमकावले असते, नाहीतर ही युक्ती विकली असती. मयूरने १६ एप्रिल २०२१ रोजी ती उणीव फेसबुक कंपनीला रीतसर कळवली. इन्स्टाग्राम त्याच कंपनीचे. पुढे त्याच जातीची आणखी एक फट सापडली, तीही कळवली. जूनमध्ये कंपनीने त्याला ३० हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे २२ लाख रुपये बक्षीस दिले.

अशा बक्षिसाच्या योजनांना बग बाउंटी म्हणतात. १९९५ साली नेटस्केप या अमेरिकन कंपनीने अशी योजना सुरू केली, आणि आज मोठमोठ्या कंपन्या ती चालवतात. कंपनी जाहीरच सांगते : आमच्या अमुक अमुक यंत्रणेत उणीव शोधा, अमुक नियम पाळा, सापडली तर आम्हालाच सांगा, आम्ही बक्षीस देऊ. अठरा वर्षांखालील मुलांना अशा ठिकाणी सहसा पालकांची संमती लागते.

मात्र २२ लाखांचा आकडा वाचून कोणी हुरळून जाऊ नये. बहुसंख्य मुलांना महिनोन् महिने काहीच सापडत नाही, किंवा सापडते ते आधीच दुसऱ्याने कळवलेले असते. बक्षिसावर घर चालत नाही. चूल पेटते ती पगारावर, आणि पगार मिळतो तो शिस्तीने शिकलेल्या कामाला.

परवानगीची चिठ्ठी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चोराची हत्यारे आणि तपासणाऱ्याची हत्यारे एकच असतात. संगणकाचे प्रोग्राम तेच, युक्त्या त्याच. मग फरक कशात? फरक एका कागदात आहे : मालकाची लेखी परवानगी. ती असेल तर तो नोकरदार. नसेल तर आरोपी.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० याबाबतीत स्पष्ट आहे. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे, त्यातली माहिती उतरवून घेणे, त्याचे नुकसान करणे या गोष्टींसाठी कलम ४३ खाली नुकसानभरपाई द्यावी लागते. तेच कृत्य लबाडीने किंवा अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 'मी फक्त पाहत होतो,' 'शिकण्यासाठी करून बघितले,' ही उत्तरे पोलीस ठाण्यात फारशी कामाला येत नाहीत. शेजाऱ्याच्या वायफायचा पासवर्ड तोडणे, कॉलेजच्या वेबसाईटवर प्रयोग करून पाहणे, मैत्रिणीचे खाते उघडून दाखवतो म्हणून फुशारकी मारणे, यातली कोणतीही गोष्ट गंमत नव्हे.

आपल्या घरात लहानपणापासून पंचशील ग्रहण केले जाते. त्यातले दुसरे शील जे दिलेले नाही ते न घेण्याचे आहे. या धंद्याचा अख्खा कायदा या एका शीलात बसतो. मालकाने जेवढे दार दाखवले तेवढेच तपासायचे. त्याने पुढची खोली दाखवली नसेल तर ती उघडी दिसली तरी आत जायचे नाही; फार तर 'ती उघडी आहे' एवढे सांगायचे.

नियत चांगली असली तरी परवानगीवाचून काय होते याचे जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने स्वतःहून पसरणारा एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. नुकसान करण्याचा आपला हेतू नव्हता असे त्याचे म्हणणे होते. पण प्रोग्राम आवरेना. अंदाजे सहा हजार संगणक त्याने जाम केले. १९९० साली न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. तीन वर्षे देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि दहा हजार डॉलरहून अधिक दंड अशी शिक्षा झाली. पुढे तो प्राध्यापक झाला हे खरे. पण त्याच्यामागे चांगले शिक्षण, पैसा आणि वकील उभे राहू शकत होते. आपल्या मुलावर एक गुन्हा दाखल झाला तर चारित्र्य पडताळणीचा प्रत्येक कागद त्याला आयुष्यभर आडवा येतो. म्हणून आपल्या मुलाने दुसऱ्यांपेक्षा दुप्पट सावध राहिले पाहिजे.

शिकायचे काय आणि कुठे?

बरीच मुले थेट हॅकिंगच्या व्हिडिओपासून सुरुवात करतात. हे म्हणजे बेरीज-वजाबाकी न शिकता ताळेबंद तपासायला बसण्यासारखे आहे. आधी पाया घालावा लागतो, आणि तो चार गोष्टींचा आहे.

पहिली गोष्ट, नेटवर्क. एका संगणकाचा निरोप दुसऱ्याकडे कसा पोचतो, आयपी पत्ता म्हणजे काय, पोर्ट म्हणजे काय. दुसरी, लिनक्स. ही फुकट मिळणारी प्रणाली या धंद्याची मातृभाषाच आहे. माउस न वापरता हुकूम टाइप करून काम करायची सवय हवी. तिसरी, एक तरी प्रोग्रामिंगची भाषा. पायथन त्यातल्या त्यात सोपी. चौथी, वेबसाईट आणि तिच्यामागचा डेटाबेस कसा चालतो याचे ज्ञान.

हा पाया का हवा ते एका उदाहरणावरून सांगतो. एसक्यूएल इंजेक्शन नावाचा एक जुना हल्ला आहे. समजा, बँकेत पैसे काढण्याच्या स्लिपवर नावाच्या रकान्यात कोणी लिहिले, 'सर्व खातेदारांची यादी द्या', आणि कारकुनाने ते नाव न समजता साहेबांचा हुकूम समजून यादी दिली. तसेच वेबसाईटच्या रकान्यात चोर नावाऐवजी डेटाबेसला समजेल असा हुकूम लिहितो, आणि कच्ची वेबसाईट तो पाळते. डेटाबेसचे हुकूम ज्याला ठाऊकच नाहीत त्याला हा हल्ला पाठ करता येईल, पण समजणार नाही.

सराव कुठे करायचा? घरच्या संगणकावर. आठ जीबी रॅमचा जुना संगणक असला तरी सुरुवातीला पुरतो. व्हर्च्युअल बॉक्स हा फुकट प्रोग्राम टाकला की एका संगणकाच्या पोटात दुसरा खोटा संगणक तयार होतो. एकात काली लिनक्स, म्हणजे तपासणीची हत्यारे असलेली प्रणाली ठेवायची. दुसऱ्यात ओवॅस्प संस्थेचे ज्यूस शॉप ठेवायचे. ते मुद्दाम उणिवा ठेवून बनवलेले एक लुटुपुटीचे ऑनलाईन दुकान आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्याच खोट्या दुकानाची कुलपे हवी तेवढी तोडा. कोणी पोलीस येणार नाही. याशिवाय पोर्टस्विगर कंपनीची वेब सिक्युरिटी अकॅडमी, लिनक्स शिकवणारा बँडिट हा खेळ, आणि अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने शाळकरी मुलांसाठी चालवलेली पिकोसीटीएफ स्पर्धा, ही ठिकाणे फुकट आहेत. सरकारच्या स्वयम् आणि एनपीटीईएल या व्यवस्थांवर नेटवर्कचे व प्रोग्रामिंगचे चांगले पाठही विनामूल्य पाहता येतात.

एक अडचण खरी आहे. यातले बहुतेक सर्व इंग्रजीत आहे. बोलता आले नाही तरी चालेल, पण वाचता आणि लिहिता आले पाहिजे, कारण निम्मे काम अहवाल लिहिण्याचे असते. फट शोधली पण ती नीट लिहून सांगता आली नाही तर पगार देणाऱ्याच्या दृष्टीने ती शोधलीच नाही. म्हणून रोज एक पान इंग्रजी वाचणे आणि पाच ओळी लिहिणे, हाही या अभ्यासाचाच भाग समजावा.

घरी संगणक नसेल तर पाच मुलांनी मिळून एक जुना संगणक घ्यावा. अनेक विहारांत, समाजमंदिरांत संध्याकाळी जागा रिकामी असते. तिथे एक टेबल, एक संगणक आणि पाळीची वही ठेवली तर वर्षभरात फरक दिसेल. मोबाईलवर वाचता येते, पण हे काम मोबाईलवर शिकून होत नाही.

पदवी, फी आणि जाहिरातीचे जाळे

दहावीनंतर पॉलिटेक्निकची तीन वर्षांची संगणक पदविका हा आपल्यासाठी चांगला मार्ग आहे. नगरला शासकीय पॉलिटेक्निक आहे. बारावी सायन्सनंतर बी.एस्सी. संगणकशास्त्र, किंवा बीसीए, किंवा इंजिनिअरिंग. बीसीएसाठी २०२४ पासून सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिचा अर्ज भरायची तारीख चुकवू नये. नोकरी करून शिकणाऱ्याला मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे. आयटीआयचा कोपा हा एक वर्षाचा अभ्यासक्रम किंवा एमएस-सीआयटी केलेले असेल तर उत्तम, पण ती पायरी आहे. माडी अजून वर आहे.

मान्यताप्राप्त अभ्यासक्रम निवडण्याचे आणखी एक कारण आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना महाडीबीटीवरून मिळते. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. हे पैसे कॉलेजच्या शिक्षणाला मिळतात. खाजगी क्लासच्या सर्टिफिकेटला त्यातला एक रुपयाही मिळत नाही.

याबाबत एक अनुभव सांगणे भाग आहे. आमच्या परिचयातील मार्केट यार्डातल्या एका हमाल बांधवाचा मुलगा बारावी सायन्स झाला. एका खाजगी संस्थेने त्याला सहा महिन्यांचा हॅकिंगचा कोर्स आणि 'शंभर टक्के नोकरी' सांगितली. फी एक लाख चाळीस हजार. रोख नसेल तर कर्जाचा फॉर्मही तिथेच तयार. आई गळ्यातले डोरले मोडायला निघाली होती. आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते त्या बापाबरोबर संस्थेत गेलो आणि चारच प्रश्न विचारले. हे सर्टिफिकेट कोण देते आणि त्याला कोण मानते? शिकवणाऱ्याने स्वतः हे काम कुठे केले आहे? मागच्या तुकडीतल्या चार मुलांशी बोलता येईल का? आणि नोकरीची हमी लेखी देता का? चौथ्या प्रश्नाला साहेबांनी आधी चहा मागवला, मग 'लेखी काही देत नसतो' असे सांगितले. आम्ही चहा पिऊन उठलो. मुलाने बी.एस्सी. संगणकशास्त्राला प्रवेश घेतला, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, आणि त्या डोरल्याचे पैसे न होता ते आईच्या गळ्यातच राहिले. पुढे त्याने जुना संगणक आपल्या सुट्टीतल्या मजुरीतून घेतला.

सर्टिफिकेट वाईट नसते. ओएससीपीसारख्या परीक्षेत जवळजवळ चोवीस तास बसून प्रत्यक्ष यंत्रणा भेदून दाखवावी लागते आणि अहवाल लिहावा लागतो. तिला बाजारात मान आहे. पण ती महाग आहे. पहिल्या नोकरीनंतर स्वतःच्या पगारातून ती द्यावी. आईच्या दागिन्यातून नव्हे.

पहिली नोकरी

शिकल्याबरोबर कोणी बँक भेदायला बोलावत नाही. ऑडिटरसुद्धा आधी कोणाच्या तरी हाताखाली व्हाउचर ताडतो. इथेही बहुतेकांची सुरुवात संगणक दुरुस्ती, नेटवर्कची देखभाल, सॉफ्टवेअर टेस्टिंग, किंवा सुरक्षेच्या देखरेख केंद्रात रात्रपाळीला बसून पडद्यावरचे इशारे पाहणे अशा कामापासून होते. या नोकऱ्या मुख्यतः पुणे, मुंबई, बंगळुरू इथे आहेत. दोन-तीन वर्षे हे काम केले, रोज थोडा सराव ठेवला, की वाट उघडते.

मुलींच्या आई-वडिलांना खास सांगावेसे वाटते. या कामाला दंडातली ताकद लागत नाही, चिकाटी आणि बारीक नजर लागते. तांदळातला खडा नेमका वेचणारी नजर आपल्या मुलींपाशी आहेच. संगणक भावाला आणि भांडी बहिणीला, अशी वाटणी करू नये.

पालकांनी एवढे पाहावे

मुलगा संगणकावर काय करतो ते त्याच्या शेजारी बसून विचारा. समजले नाही तरी विचारा. 'याला परवानगी कोणाची आहे?' हा एकच प्रश्न पुरतो. सरळ उत्तर आले तर पाठीवर हात ठेवा. उत्तर टाळले तर तिथेच थांबवा.

दुसरे, मुलाच्या नावाचे बँक खाते, एटीएम कार्ड किंवा सिमकार्ड कोणी 'थोडे दिवस वापरायला द्या, महिन्याला पैसे देतो' असे म्हणाले तर त्याला उंबऱ्याच्या बाहेरच ठेवा. चोरीचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरतो आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारी. आपली कोणी फसवणूक केली तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितका पैसा लांब जातो.

आणि मुलांनो, तुम्हाला एवढेच सांगणे. प्रवेशाच्या तारखा जवळ आल्या आहेत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते हे कागद या आठवड्यातच एका पिशवीत घालून ठेवा. सेतू केंद्रात शेवटच्या दिवशी रांग मोठी असते. हॅकर पुढे व्हा. आधी अर्ज वेळेत भरा.